पान्हा कुठे अडतो



मी ३४ वर्षं आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. आधी एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती विभागात, नंतर साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या उपकेंद्रावर. एवढ्या वर्षांत बाळंतिणीच्या खाटेशी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच : "सिस्टर, हिला दूधच येत नाही." हे वाक्य बाळंतीण स्वतः क्वचितच म्हणते. खाटेभोवतीची माणसं म्हणतात. ती ऐकत राहते आणि दोन दिवसांनी तिलाही ते खरं वाटायला लागतं. आज मला बोलायचं आहे ते या भोवतीच्या माणसांबद्दल.

एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. सिझर होऊन पाच तास झालेली पोर, विशीतली. हाताला सलाईन, आणि बाळ शेजारी आजीच्या मांडीवर. आजींच्या पिशवीत मधाची बाटली होती. "घसा कोरडा पडलाय बाळाचा, दोन बोटं चाटवते," त्या म्हणाल्या. एक वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो, त्यातून बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो, हे मी त्यांना सांगितलं आणि बाळ उचललं. त्या पोरीला कुशीवर वळवलं, टाक्यांना ताण बसू नये म्हणून पाठीशी उशी लावली. बाळाचं पोट तिच्या पोटाला, नाक बोंडासमोर. दोन-तीनदा त्याच्या तोंडातून सुटलं. मग त्यानं मोठा आ केला, बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात गेला आणि जबडा हलायला लागला.

आजी वाकून बघत होत्या. "पण ते पिवळं, चिकट आहे. पहिलं पिळून टाकायचं असतं ना?"

मी विचारलं, "आजी, घरी म्हैस आहे का? व्याली की चिकाचं काय करता?"

"खरवस करतो की."

"आणि रेडकू?"

"त्याला आधी पाजायचं. चीक मिळाला नाही तर रेडकू धरत नाही." एवढं बोलून त्या थांबल्या. थोड्या वेळानं मधाची बाटली पिशवीत गेली.

श्रोतेहो, पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतं किती? एका वेळी एक छोटा चमचा, पाच ते सात मिलिलिटर. चीकही तेवढाच येतो, आणि आजाराशी लढायची ताकद त्यातच भरलेली असते. दूध दाटून यायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो. तोवर बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. घरातले घाबरतात ते नेमके या मधल्या दोन-तीन दिवसांत, आणि पावडरचा डबा घरात येतो तोही तेव्हाच. वरच्या दुधानं बाळाचं पोट भरतं, ते झोपतं, आईला ओढत नाही. बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध तयार होतं, म्हणून ओढणं कमी झालं की दूधही खरंच कमी होतं. मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हणालोच होतो.

आपल्या भाषेत पान्हा हा शब्द फार जपून ठेवला गेला आहे. छातीत दूध असणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. परका माणूस धारेला बसला तर जनावर पान्हा चोरतं, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. त्या जनावरावर कुणी ओरडत नाही, पाठीवरून हात फिरवतात. बाईचंही शरीर तसंच चालतं. दुखणं, भीती, संकोच, कुणीतरी सतत मोजत बसलेलं असणं, यांनी पान्हा अडतो. आणि आपण तिच्यासमोरच म्हणतो, हिला दूध नाही.

दोष एकट्या आजीचा नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. तरी जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली मुलं ४१.८ टक्केच. म्हणजे बाई आमच्यापर्यंत पोहोचली, पण बाळ तिच्यापर्यंत वेळेत पोहोचलं नाही. सिझर झालं की बाळ नातेवाइकांच्या हाती जातं, आणि रात्रपाळीला एकच सिस्टर दोन वॉर्ड सांभाळत असते. एका खासगी दवाखान्यात तर घरी सोडतानाच्या कागदावर पावडरच्या डब्याचं नाव लिहून दिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. १९९२ पासून आपल्याकडे कायदा आहे. अशा डब्याची जाहिरात करता येत नाही, मोफत नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. पण डॉक्टरच्या अक्षरातल्या त्या एका ओळीपुढे आई काय बोलणार?

काही आयांना दूध खरोखर कमी असतं, काही बाळं इतकी लहान जन्मतात की ओढूच शकत नाहीत. त्या आईला अपराधी वाटू देऊ नका. अशाच बाळांसाठी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मातृदूध पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. तिथे अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, डोक्याशी आई. बाळ नीट पितं. मग ती सासरी परतते, चूल-धुणं अंगावर येतं आणि तिसऱ्या महिन्यात कुणीतरी म्हणतं, "बाळ सुकलं गं." मी त्या घरी जायचे तेव्हा सासूबाईंना आधी विचारायचे, दिवसात लंगोट किती ओले होतात? सहा किंवा जास्त होत असतील आणि वजन वाढत असेल तर बाळाला पोटभर मिळतंय. उन्हाळ्यात हमखास पाण्याचा हट्ट व्हायचा. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. सहा महिने पाणीही नको, गुटीही नको. पाणी द्यायचं ते आईला. कित्येक घरांत मात्र बाळंतिणीलाच पाणी मोजून मिळतं. आणखी एक दुःख नोंदवते. दुसरी मुलगी झाली की तिला अंगावरून लवकर तोडायची घाई होते, कारण घराला पुढचं बाळंतपण हवं असतं.

आता उसाच्या फडात चला. दसरा-दिवाळीनंतर बीडकडची माणसं ऊसतोडीला कारखान्याच्या भागात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायची. काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापून घेतात. नोंदणी असलेल्या कंपनीत, कचेरीत काम करणाऱ्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बाळाला पाजण्यासाठी एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले, तेही चांगलं झालं. पण या बाईला रजा नाही, कक्ष नाही. पहाटे ती फडात शिरते, बाळ कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, साडीच्या झोळीत. दहा वाजेपर्यंत तिची छाती दगडासारखी होते, पोलकं भिजतं. बांधाआड बसून दूध मातीत पिळून टाकणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. मैलभरावर बाळ साखरपाणी पीत असतं. तिला दूध येत नाही असं कुणी म्हणून दाखवावं.

अशाच एका कोपीत तीन महिन्यांचा मुलगा आणि त्याला सांभाळणारी नऊ-दहा वर्षांची बहीण होती. तिची शाळा गावाकडे राहिली होती. आईशी आणि मुकादमाशी बोलून ठरलं, की बाळाला फडावर न्यायचं आणि आईनं मोळ्या टाकून तेवढा वेळ बसायचं. बहिणीनं मला विचारलं, "बाई, ह्याला कवा न्यायचं? आमच्याकडं घड्याळ न्हाई."

मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "हा मूठ तोंडाकडे न्यायला लागला, ओठ चाटायला लागला, की निघायचं. रडेपर्यंत थांबायचं नाही."

पुढच्या आठवड्यात लसीची पेटी घेऊन गेले, तर ती पाचटातून पळत निघाली होती, भाऊ खांद्याशी धरलेला. मी हाक मारली. ती थांबली नाही. "मूठ चोखतोय," एवढंच ओरडली आणि उसात शिरली.