गोधडीची मगजी
(सुदुंबरे येथे ख्रिस्ती भगिनींपुढे झालेले भाषण)



ज्या गावी तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे, तेथे जीर्ण होणारी ठेव सांभाळण्याचे महत्त्व मी नव्याने काय सांगावे? आजच्या ज्युबिलीच्या प्रसंगी अशाच एका घरगुती ठेवीविषयी, म्हणजे गोधडीविषयी, चार शब्द बोलण्याची मी परवानगी घेते.

गोधडी प्रथम विरते ती काठाला. कारण ओढताना, झटकताना, पिळताना हात पडतो तो काठावरच. माझ्या कैलासवासी आईची गोधडी अशीच विरली, तेव्हा ती टाकून द्यावी असे घरात ठरू लागले. मी मात्र तिला नवी मगजी लावावयास बसले.

गोधडी 4 हात लांब व 3 हात रुंद. चारी बाजू मिळून 14 हात झाल्या. कोपऱ्यांच्या दुमडीसाठी 1 हात अधिक धरला. नऊवारी लुगड्याचा एक काठ 18 हात भरतो. आईच्याच लुगड्याचा काठ घेतला. अंग विरले तरी घट्ट विणीमुळे तो शाबूत होता. पट्टी सुलट बाजूवर पालथी ठेवून बोटभर आत धावदोरा घालावा, मग ती मागे वळवून कड आत दुमडून तुरपावी. कोपऱ्यावर कापू नये, तिरपी दुमड घालावी. पट्टी ताणली तर गोधडी आक्रसते. सैल सोडली तर झोल पडतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजात, ज्यात आपली कॅथलिक कुटुंबेही आहेत, स्त्रिया 'कवंदी' शिवतात. त्यांची शिवण काठापासून आरंभून मध्याकडे जाते, आणि चारी कोपऱ्यांना कापडी 'फुले' लावल्यावाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

मगजीस कोरे कापड घेणे झाल्यास ते आधी धुऊन आटवून घ्यावे. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात प्रभू येशूने कोऱ्या ठिगळाचा दाखला दिला आहे, तो प्रत्येक गृहिणीला पटेल. त्याच अध्यायात 12 वर्षे पीडलेली एक स्त्री प्रभूच्या वस्त्राच्या काठाला शिवते आणि बरी होते. स्पर्श करणे व टाका घालणे ह्या दोहोंस आपल्या भाषेत 'शिवणे' हा एकच शब्द असावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

भगिनींनो, आपल्या धर्मग्रामाचाही काठ आहे. दूर वाडीवर एकटी राहणारी म्हातारी, कामासाठी नुकतेच आलेले अनोळखी कुटुंब, रुसून मिस्सेला येईनासा झालेला भाऊ, हे त्या काठावर आहेत. ओढ त्यांनाच प्रथम लागते. आजचा समारंभ मध्यभागी बसलेल्या आपणांस ऊब देईल. परंतु उद्या सकाळी त्यांच्यापैकी एकाच्या दाराशी आपण गेलो, तर ज्युबिलीची मगजी पुरी झाली असे मी समजेन.

प्रभू आपल्या हातांना ते बळ देवो.