'फाल्या बघूया' आणि पाच पुस्तकं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



कमिटीने मला विषय दिला तो चालढकल घालवणाऱ्या पुस्तकांचा. सेक्रेटरी म्हणाले, "काका, दहावी-बारावीच्या मुलांसाठी बोला." मुलांसाठी बोलतोच, पण आई-बाबांनी आणि आजी-आजोबांनीही कान उघडे ठेवावेत.

आपल्या मालवणीत 'फाल्या' म्हणजे उद्या. 'फाल्या बघूया' म्हटलं की काम डोक्यावरून उतरलं! खरं तर आपला माणूस आळशी नाही. मृगाच्या आधी कौलं परतून होतात, लाकडं आत येतात. 1 जूनला मासेमारी बंदी लागते, त्याआधी होड्या वर ओढल्या जातात. कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही. राहतं ते बिनतारखेचं काम : रोजचा अभ्यास, चालणं, कागदपत्रं. अशा कामांसाठी ही पाच पुस्तकं सुचवतो.

पहिलं, दासबोध. वीस दशक, दोनशे समास ऐकून घाबरू नका. एकोणिसाव्या दशकातला तिसरा आणि चौथा समास घ्या. एकात करंट्याची लक्षणं, दुसऱ्यात भाग्यवानाची. दोन्ही जोडीने वाचले की कळतं, समर्थ नशिबाला नव्हे, आपल्या वागण्याला जबाबदार धरतात.

दुसरं, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त', 1915 सालचं. मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवत चालत गेला आणि तिथे 'वयाने लहान दिसतोस' म्हणून परत पाठवला गेला. तरी त्याने शिक्षण सोडलं नाही. मॅट्रिक झाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. महिला विद्यापीठ काढलं 1916 मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. 'आता आपलं काय राहिलंय' म्हणणाऱ्या माझ्या निवृत्त मित्रांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तिसरं, 'श्यामची आई'. तुम्ही म्हणाल, हे रडवणारं पुस्तक, प्रेरणेचं कुठे? पण ते लिहिलं कसं ते बघा. पालगडच्या साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी 1933 मध्ये, पाच दिवसांत लिहून काढलं. स्वतंत्र खोली नाही, टेबल नाही, 'मूड' नाही. अभ्यासाला जागा नाही म्हणणाऱ्या मुलांनी विचार करावा.

चौथं, डॉ. नरेंद्र जाधव यांचं 'आमचा बाप आन् आम्ही'. लेखक रिझर्व्ह बँकेतले, म्हणून मला जरा जास्तच जवळचे! पण मला भावतात ते त्यांचे वडील. मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेल्या, फारसं न शिकलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून आपलं आयुष्य वहीत लिहून काढलं. आपण सुशिक्षित मंडळी घरच्या आठवणी लिहायला कधी बसणार?

पाचवं, जेम्स क्लिअर यांचं 'ॲटॉमिक हॅबिट्स', 2018 चं. मराठी अनुवाद मिळतो. त्यातली एक युक्ती सांगतो : नवी सवय दोन मिनिटांत होईल एवढी लहान करून सुरू करा. 'रोज दोन तास गणित' ठरवू नका. वही उघडा, एक उदाहरण सोडवा. सुरुवात झाली की पुढचं सोपं जातं.

आता एक इशारा. पुस्तकांची यादी करणं, ती मागवणं, कपाटात लावणं हीसुद्धा चालढकलच असते. म्हणून पाचही एकदम घेऊ नका. एकच घ्या, रोज चार पानं वाचा.

चालढकलीची किंमत किती, हे बँकेत पुष्कळ पाहिलं. खातेदार जातो, नॉमिनेशन नसतं, मुलांना ठेवीचा पत्ता नसतो. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. ही व्यवस्था 2014 पासून आहे. पैसे बुडत नाहीत, वारसांना मागता येतात. पण दाखले आणि हेलपाटे त्यांच्या नशिबी येतात. आयुष्यभर पोटाला चिमटा काढून जमवलेले पैसे घरच्यांना वेळेला मिळत नाहीत. एक फॉर्म फाल्यावर टाकल्याचा हा परिणाम.

आपल्या फ्लॅटचंही तेच. पंचवीस वर्षं झाली, तरी काही सभासदांचा नामनिर्देशनाचा अर्ज अजून ऑफिसात आलेला नाही. कोरे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत. भरायला दहा मिनिटं पुरतात. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तेव्हा मृत्युपत्रही करून ठेवा. मृत्युपत्र केल्याने कोणी लवकर जात नाही!

मुलांनो, तुमचं काम आज रात्री एक उदाहरण सोडवणं. मोठ्यांनो, तुमचं काम जेवणाच्या पंगतीला बसण्याआधी तो नमुना उचलणं.