तहकुबी आणि सूट : पुरानंतर वाहनकर्जाचा हप्ता



आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. तिला पूर आला की बेला, जैनथ यांसारख्या काठच्या मंडलांतील कपाशी आणि सोयाबीन पाण्याखाली जाते. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, परंतु नद्यांनी आपला स्वभाव बदललेला नाही. आता निर्मल जिल्ह्यात असलेल्या कडेम धरणात जुलै २०२२ मध्ये क्षमतेहून अधिक पाणी आले आणि खालच्या गावांतील लोकांना रातोरात सुरक्षित स्थळी हलवावे लागले.

पूर ओसरला की पंचनामे होतात. पीक, घर आणि जनावर यांच्या नुकसानीची नोंद होते. परंतु आजच्या खेड्यात आणखी एक वस्तू दारात उभी असते, ती म्हणजे कर्जाऊ घेतलेले वाहन. कोणाचा ट्रॅक्टर, कोणाची मालवाहू गाडी, कोणाची प्रवासी रिक्षा. पीक बुडाले, रस्ता वाहून गेला, गाडी चिखलात रुतली, तरी हप्त्याची तारीख थांबत नाही. पुढची नांगरणी आणि घरातील रोजची कमाई ज्या वाहनावर अवलंबून असते, तेच जप्त झाले तर पुराने जे शिल्लक ठेवले तेही जाते. म्हणून अशा प्रसंगी कोणती सवलत मिळू शकते आणि तिचे खरे स्वरूप काय, हे प्रत्येक कर्जदाराला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

महसुली कारभारात दोन जुने शब्द आहेत : तहकुबी आणि सूट. पिकाची पैसेवारी खाली आली की शेतसाऱ्याची वसुली काही काळ थांबवीत, ती तहकुबी. सारा अंशतः किंवा पूर्णतः सोडून देत, ती सूट. तहकूब झालेला सारा पुढे भरावाच लागे, सूट मिळालेला भरावा लागत नसे. जुन्या पिढीतील शेतकरी या दोहोंत गल्लत करीत नसे. आज मात्र 'हप्त्यात सवलत' हे शब्द कानी पडताच अनेकांना कर्जमाफी झाल्यासारखे वाटते. वस्तुस्थिती अशी की, वित्तकंपनी आपत्तीनंतर जी सवलत देते ती बहुधा तहकुबी असते. हप्ता पुढे जातो, नाहीसा होत नाही आणि मधल्या काळात व्याज चालूच राहते.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, ट्रॅक्टरवर तीन लाख रुपये कर्ज शिल्लक आहे आणि व्याजाचा दर वर्षाला १२ टक्के आहे. एका महिन्याचे व्याज ३,००० रुपये झाले. तीन महिने हप्ता थांबला आणि व्याज मुद्दलात मिळवीत गेले, तर कर्ज सुमारे ९,०९० रुपयांनी वाढते. ही वाढ त्याच दराने तीन वर्षांनी फेडायची म्हटल्यास तीच रक्कम सुमारे १३,००० रुपये होते. ज्याच्या घरात खायला दाणा नाही त्याने ही किंमत मोजूनही तहकुबी घ्यावी, यात शहाणपण आहे. पण ज्याला हप्ता भरणे शक्य आहे त्याने केवळ 'सवलत आली' म्हणून ती घेणे तोट्याचे ठरते.

सर्व कर्जांना एकच नियम लागू नसतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांसाठी काढलेल्या निर्देशांत पीककर्जाची तरतूद स्पष्ट होती. पिकाचे नुकसान ३३ ते ५० टक्के असल्यास परतफेडीसाठी जास्तीत जास्त दोन वर्षांची, ५० टक्के किंवा अधिक असल्यास जास्तीत जास्त पाच वर्षांची मुदत आणि त्यात पहिल्या एका वर्षाची तहकुबी, अशी ती रचना होती. सरकारने जाहीर केलेल्या कर्जमाफीचा रोखही प्रायः पीककर्जाकडे असतो. तेलंगणात २०२४ मध्ये दोन लाख रुपयांपर्यंतची माफी झाली, ती पीककर्जाची होती. वाहनकर्जाच्या बाबतीत बरेचसे कंपनीच्या धोरणावर आणि करारातील अटींवर अवलंबून असते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ यामध्ये आपद्ग्रस्तांच्या कर्जफेडीत सवलतीची शिफारस करण्याचा अधिकार राष्ट्रीय प्राधिकरणास देणारे १३ वे कलम होते. २०२५ च्या दुरुस्तीने ते वगळण्यात आले. त्यामुळे कर्जदाराने स्वतः, वेळेत आणि लेखी मागणी करण्याला आता अधिकच महत्त्व आले आहे.

वाहनकर्जासह सर्व मुदतकर्जांना व्यापणारी तहकुबी देशाने २०२० च्या महामारीत पाहिली. रिझर्व्ह बँकेने प्रथम मार्च ते मे आणि नंतर ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना व वित्तकंपन्यांना दिली. सरळ व्याज चालूच राहिले. मात्र या काळासाठी व्याजावर व्याज किंवा दंडव्याज आकारू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी दिला. परदेशांतही रीत निराळी नाही. अमेरिकेत २०१७ साली हार्वे चक्रीवादळानंतर वाहन उत्पादकांच्या वित्तसंस्थांनी आपद्ग्रस्त ग्राहकांना हप्ते पुढे ढकलण्याची सोय देऊ केली होती. तीही मागणाऱ्याला मिळणारी तहकुबीच होती.

तेव्हा पूर ओसरताच कर्जदाराने काय करावे? पाण्यात बुडालेले वाहन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात पाणी शिरलेले असता ते सुरू केल्याने झालेली हानी विमा कंपनी नाकारू शकते. वाहनाची छायाचित्रे काढावीत आणि विमा कंपनीस तत्काळ कळवावे. विमा सर्वसमावेशक असेल तर पुराचे नुकसान त्यात येते, केवळ त्रयस्थ पक्षाचा असेल तर स्वतःच्या वाहनाची भरपाई मिळत नाही. वाहन वित्तकंपनीकडे नजरगहाण असल्याने ते पूर्णपणे निकामी झाल्यास विम्याची रक्कम प्रथम कर्जखाती जमा होते, हेही जाणून असावे.

त्यानंतर पंचनाम्याची प्रत जोडून कंपनीच्या शाखेत अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जात चार प्रश्न विचारावेत : किती हप्ते पुढे जातील? त्या काळात व्याज किती लागेल? हप्ता वाढेल की मुदत? आणि या सवलतीची पतनोंदीत थकबाकी म्हणून नोंद होईल काय? उत्तर लेखी घ्यावे. फोनवरील आश्वासन पुढे उपयोगी पडत नाही.

येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. या जिल्ह्यात तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू बोलणारी माणसे शेजारी नांदतात आणि करार मात्र पुष्कळदा इंग्रजीत असतो. कर्जदाराला समजेल अशा भाषेत त्याच्याशी व्यवहार करावा आणि कराराची प्रत त्याला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहारसंहिता वित्तकंपन्यांना सांगते. न समजलेल्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी तो शाळेतील गुरुजींकडून वाचून घेण्यात कमीपणा नाही.

हप्ते थकलेच, तरी वसुलीला मर्यादा आहेत. वाहन ताब्यात घेण्यासंबंधी सूचनेची मुदत व कार्यपद्धती करारात नमूद असावी लागते आणि विक्रीपूर्वी परतफेडीची अखेरची संधी द्यावी लागते. गुंडगिरीने वाहने ओढून नेण्याच्या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कठोर ताशेरे ओढले. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करण्यास मनाई केली. पुढच्याच महिन्यात झारखंडातील हजारीबाग जिल्ह्यात ट्रॅक्टर ओढून नेताना त्याखाली सापडून एका गरोदर स्त्रीचा मृत्यू झाला. तेव्हा संबंधित कंपनीला बाहेरच्या माणसांकरवी वसुली करण्यास काही महिने बंदी घालण्यात आली. नियम कागदावर असतात, ते ठाऊक असलेला कर्जदारच त्यांचा आधार घेऊ शकतो. कंपनीकडे केलेल्या तक्रारीस ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

अधिकाऱ्यांनीही आपला वाटा उचलावा. पंचनाम्यात बुडालेल्या वाहनाची नोंद व्हावी, त्याची प्रत विनाविलंब मिळावी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत बँकांची बैठक भरते तेव्हा वाहनकर्जाचा विषयही तेथे निघावा. पुराचे पाणी दोन दिवसांत उतरते, कर्जाचे पाणी मात्र वर्षानुवर्षे साचून राहते. तहकुबी घेताना ती तहकुबीच आहे, सूट नव्हे, एवढे ओळखून जो सही करील, त्याच्या दारातील ट्रॅक्टर पुढच्या मृगालाही शेतात उतरेल.