राजीनाम्याआधीचे चिंतामणराव



चिंतामणराव देशमुखांचे नाव निघाले की महाराष्ट्राला १९५६चा राजीनामा आठवतो. मुंबईसाठी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडणारा माणूस ही प्रतिमा खरी आहे, पण अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी तिथेच थांबू नये. लोकसभेतील निवेदनात त्यांची एक मोठी तक्रार कार्यपद्धतीची होती. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाला, असे त्यांनी म्हटले. पंतप्रधानांना ते मान्य नव्हते. सार्वजनिक निर्णयाचा हिशेब देता आला पाहिजे, हा आग्रह त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतून आला होता, असे माझे म्हणणे आहे.

या आग्रहाची सर्वांत कठीण कसोटी मंत्रिपदाआधीच लागली. ऑगस्ट १९४३मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेव्हा बंगालमध्ये माणसे उपासमारीने मरत होती. दोस्त राष्ट्रांच्या युद्धखर्चाचे रुपये भारतात मोजले जात आणि त्याबदली लंडनमध्ये स्टर्लिंग जमा होई. त्या तारणावर नोटा छापल्या जात. १९३९मध्ये सुमारे १८० कोटींचे असलेले नोटांचे चलन युद्ध संपेपर्यंत हजार कोटींच्या पुढे गेले. महागाईच्या रूपाने त्याची किंमत गरिबांनी भरली. मग या यंत्रणेच्या शिखरावर बसलेल्या भारतीयाचा गौरव का करावा, हा आक्षेप मला रास्त वाटतो. कायद्याने गव्हर्नरचे हात बांधले होते, एवढे उत्तर पुरेसे नाही. पद सोडण्याचा मार्ग त्यांनाही मोकळा होता. तरीही आक्षेपकांनी पुढचे पान पाहावे. लंडनमध्ये साठलेली ही स्टर्लिंगची शिल्लक १९४६पर्यंत सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेली. ती छाटून टाकावी, असा सूर ब्रिटनमध्ये निघत होता. १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने तो प्रश्न मांडला. चिंतामणराव त्या शिष्टमंडळात होते. परिषदेने मागणी मानली नाही. पण हे ऋणच आहे ही भूमिका टिकली, आणि पुढच्या करारांत लष्करी साहित्य व पेन्शनपोटी मोठी रक्कम वळती झाली, तरी शिल्लक सरसकट छाटली गेली नाही.

दुसरा आक्षेप राजीनाम्याच्या वेळेचा. जानेवारी १९५६मध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला. मंत्रिपद सुटले जुलैमध्ये. मधले महिने सत्तेच्या मोहाचे होते, असे म्हणणाऱ्यांनी त्याच जानेवारीत आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला होता, हे ध्यानात घ्यावे. लाखो विमेदारांच्या पैशाची व्यवस्था अर्धवट टाकून निघणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. शिवाय पद सुटल्यावर त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम हाती घेतले, जिथे पुन्हा अनुदानांचे आणि निकषांचेच प्रश्न होते.

आपल्याकडे त्यांच्या संस्कृतप्रेमावर आणि बाणेदारपणावर पुष्कळ बोलले जाते. स्टर्लिंगच्या शिलकेवर फारच कमी. युद्धकाळातील चलनवाढ, दुष्काळ आणि हे ऋण यांचा एकत्र, कागदपत्रांवर आधारलेला इतिहास मराठीत लिहिला जावा, आणि त्यात चिंतामणरावांच्या निर्णयांची कठोर तपासणी व्हावी, अशी माझी या परिषदेतील तरुण अभ्यासकांना मनापासून विनंती आहे.