कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : एका कारखानदाराचे स्मरण



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव सांगितले. ते ऐकून आमचे एक हमाल सोबती म्हणाले, "दादा, सारा जन्म मालकांशी भांडण्यात गेला, आणि आता मालकाचाच पोवाडा गाणार?" प्रश्न रास्त आहे. पण वाईट मालकाशी भांडणे सोपे असते. चांगल्या मालकापुढे आपले मागणे नेमके काय, हे ठरविणे फार अवघड. म्हणून आज मुद्दाम एका चांगल्या मालकाचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, तेथे काही रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत, असे त्यांच्या ध्यानी आले. दुसरा एखादा खचला असता. त्यांनी रंग सोडले व यंत्रांची रेखाचित्रे हाती घेतली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. बढतीची वेळ आली, तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरीस रामराम ठोकला आणि बेळगावची वाट धरली. म्हणजे या कारखानदाराच्या उद्योगामागे नोकरदाराला झालेला अन्याय उभा आहे, हे आम्हां कामगारांनी विसरू नये.

बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासोबत त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. मग कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि मग लोखंडी नांगर. आपल्या परभणीच्या काळ्या जमिनीत लाकडी नांगराचे हाल काय होत, हे येथील जुन्या शेतकऱ्यांच्या घरी अजून सांगतात. चार-चार, सहा-सहा बैल जुंपायचे, तरी कुंदा आणि हराळी मुळासकट निघावयाची नाही. लोखंडी नांगर ढेकूळ उलथून टाकी. तरीही लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. दोन वर्षे न विकणारा माल घेऊन जो बसू शकतो, त्याला व्यापारी म्हणावे की वेडा म्हणावे? आम्ही त्याला कारागीर म्हणतो. आपली वस्तू खरी आहे, हे हाताला कळलेले असते.

1910 साली बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. ओसाड माळ, निवडुंग आणि साप! त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याभोवती कामगारांची घरे झाली, पाणी आले, शाळा आली. अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा तेथला दंडक होता. ज्या काळी गावोगावच्या पाणवठ्यांवर माणूस हाकलला जात होता, त्या काळची ही गोष्ट आहे.

माणसे निवडण्याची त्यांची रीतही वेगळी. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट सुटलेले; तेथे ते कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभुराव जांभेकर पडेल ते काम अंगावर घेत. आणि राखणीला कोण? शिक्षा भोगून आलेले दोन गडी! त्यांच्या भरवशावर वाडी रात्री निजत असे. ज्यांच्या हाती शाळेचा दाखला आला नाही, अशा आम्हांसारख्यांना हे वाचून ऊर भरून येतो.

1948 साली, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा 78 वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. तोवर त्यांचे पुत्र शंतनुराव यांनी पुण्यास खडकी येथे तेलाच्या इंजिनांचा कारखाना काढून दहा वर्षे झाली होती. मराठवाड्यात वीज पोहोचण्यापूर्वी किती विहिरींवर ती इंजिने धडधडली, हे आपण जाणताच.

येथवर स्तुती झाली. आता आमच्या सोबत्याच्या प्रश्नाकडे वळू.

घर, पाणी, शाळा, समान वागणूक हे सारे कशाच्या आधारावर उभे होते? एका माणसाच्या स्वभावावर. 1910 साली कामावर बोट तुटले, तर भरपाई मागण्याचा कायदा देशात नव्हता. तो 1923 साली झाला. संघटनेला मान्यता देणारा कायदा 1926 चा. तोही ब्रिटिश मुलखाचा. संस्थानांत तो आपोआप लागू होत नसे. तेव्हा लक्ष्मणरावांनी दिले ते मनाच्या मोठेपणाने दिले. पण कामाबरोबर मिळालेले घर कामाबरोबर जाते. मोठेपणाचा वारसा कोर्टात सांगता येत नाही. मालक बदलला, मुनीम बदलला, की कालचा जिव्हाळा आज कोणाच्या वहीत सापडावयाचा?

याचे उत्तर त्याच औंधात मिळाले. ज्या बाळासाहेबांनी कारखान्याला माळ दिला, ते स्वतः प्रजेवर माया करणारे राजे होते. तरी 1939 साली त्यांनी राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. आपण चांगले आहोत, एवढे प्रजेला पुरे नाही, हे त्या राजाने ओळखले. राजाला जे कळले ते मालकानेही ओळखावे, एवढेच संघटनेचे म्हणणे असते. चांगल्या मालकाने आपले चांगुलपण कागदावर लिहून द्यावे, म्हणजे तो नसतानाही ते टिकेल.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. ते राखणदार इतिहासात कोणत्या नावांनी उरले आहेत? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग! बाकीचे सारे 'राव', आणि या दोघांच्या नावाला जात चिकटलेली. लक्ष्मणरावांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. त्यांची पूर्ण नावे मात्र आम्हां सर्वांच्या हातून निसटली. हा दोष एकट्या मालकाचा नव्हे, आठवण ठेवणाऱ्या समाजाचा आहे.

याची किंमत आम्ही पाहिली आहे. आमचे एक म्हातारे सोबती सरकीच्या आणि रुईच्या धुळीत खोकत-खोकत गेले. त्यांच्या विधवेला घेऊन आम्ही थकलेल्या पैशांसाठी एका पेढीवर गेलो. पेढीचे नाव सांगत नाही. जुने मस्टर उघडले, तर त्यात 'काळ्या' एवढेच लिहिलेले! बापाचे नाव नाही, आडनाव नाही. हाच तो काळ्या, हे सिद्ध कसे करावे? भिंतीवर मात्र मालकांच्या तीन पिढ्यांच्या तसबिरी होत्या, हार घातलेल्या. म्हातारी त्या तसबिरींकडे पाहत म्हणाली, "यातल्या मधल्या शेटजींना यांनी आजारपणात पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं." तिला शेटजींचे पूर्ण नाव पाठ होते.

मंडळी, मानवत, सेलू, परभणी ही कापसाची गावे. येथे अनेक घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धंदा केला. त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणिका निघतात, निघाव्यात. ज्यांनी गावाला काम दिले, त्यांचे ऋण गावाने मानावे. आमची विनंती एवढीच आहे की, पुढची स्मरणिका छापाल तेव्हा शेवटी दोन पाने मोकळी ठेवा. त्या पेढीवर राबलेल्या माणसांचे नाव, बापाचे नाव, आडनाव आणि कामाची वर्षे त्यांवर छापा. यादी कोठे मिळेल, असे विचाराल. आमच्या कचेरीत या. म्हातारे सोबती अजून आहेत, त्यांना नावे आठवतात. आम्ही लिहून देऊ. पण लवकर या.