न लढणारा गडी



गडी वाटून घेताना नेहमी शेवटी उरणारे एक पोर प्रत्येक गावात असते, प्रत्येक वर्गात असते. त्याच्या अंगात चपळाई नसते, आवाजात जरब नसते. पण कोण कोणावर रुसले आहे, कोणाचा गुडघा फुटला आहे, हे सर्वांच्या आधी त्यालाच कळते. अशा गड्याला खेळात जागा असते काय? एका परदेशी खेळाच्या आधाराने आज आपण या प्रश्नाचा विचार करू. खेळ नवा आहे. प्रश्न मात्र तुमच्या-आमच्या ओळखीचा आहे.

खेळाचे नाव 'स्टारफाइंडर'. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, 'तुमचे अवकाशयान ओसाड उपग्रहावर उतरले आहे, आणि बाहेरून कोणीतरी दार ठोठावते आहे.' मग आपले पात्र काय करील, ते ज्याने त्याने बोलून सांगायचे. जमेल की नाही अशी शंका असेल तेथे वीस पैलूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगचे कौशल्य मिळवायचे, आणि बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की काम फत्ते. थोडक्यात, हे नियमांनी बांधलेले सोंग आहे.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 1974 साली अमेरिकेत निघालेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारे. म्हणून या खेळांच्या नियमांत लढाईला मोठी जागा मिळाली, आणि ती जन्मखूण अजून पुसलेली नाही. पायझो या कंपनीने 2017 साली काढलेल्या 'स्टारफाइंडर'मध्ये याने आहेत, यंत्रमानव आहेत, आणि त्यांच्या शेजारी मंत्रविद्याही आहे. विज्ञान आणि अद्भुत यांची ही सरमिसळ. त्यातच 'मिस्टिक' नावाचे पात्र आहे. त्याला आपण साधक म्हणू. 2025 च्या दुसऱ्या आवृत्तीतही तो आहे. मी सांगतो ते नियम 2017 च्या आवृत्तीचे.

सैनिकाचे बळ त्याच्या शरीरात, तर साधकाचे बळ 'विज्डम' या गुणात, म्हणजे समजेत. बंदूक त्यालाही चालवता येते, पण नेम सैनिकाइतका पक्का नाही. मग तो करतो काय?

पहिले काम जखम भरण्याचे. या खेळात पात्राची ताकद दोन हिशेबांत मांडलेली असते. एक दमसास, दुसरा जीव. दमसास दहा मिनिटांच्या विसाव्याने परत मिळतो. त्यासाठी निर्धाराचा एक गुण खर्चावा लागतो. पण जिवावरचा घाव असा विसाव्याने भरत नाही. तो भरण्याचा मंत्र साधकाजवळ असतो. दुसरे काम समजून घेण्याचे. समोरच्याच्या बोलण्यात कपट आहे की भीती, हे ओळखणे, गोडीने बोलणे, वैद्यकी करणे, ही त्याच्या शिक्षणातली कौशल्ये. आपल्याला येणारी भाषा दुसऱ्याला नुसत्या स्पर्शाने देण्याचा मंत्रही त्याला शिकता येतो. दार ठोठावणारा परग्रहवासी शत्रू आहे की वाट चुकलेला वाटसरू, हे गोळी सुटण्याआधी कळणे केवढ्या मोलाचे! साधकांतही पंथ आहेत. ताऱ्यांशी नाते जोडणाऱ्या पंथाचा साधक निर्वात पोकळीत गुदमरत नाही, आणि तारे दिसले की आपण कोठे आहोत हे त्याला अचूक कळते.

आपण म्हणाल, हे ठीक. पण लढाई अंगावर आलीच तर? तेथेही त्याने हात बांधून बसायचे कारण नाही. शत्रूवर दबाव ठेवणारा मारा करून त्याने सोबत्याला आड दिली, तर सोबत्याचे संरक्षण दोनाने वाढते. यानांच्या झुंजीत कप्तानाची जागा त्याला शोभते. कप्तानाने नेमका धीर दिला, तर तोफेवरच्या किंवा सुकाणूवरच्या माणसाच्या बेरजेत दोन मिळतात. दोन हा आकडा लहान खरा. पण बेरीज एकाने हुकते तेव्हा या दोनाची किंमत कळते.

मात्र असे पात्र घेणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. पहिले, खेळ सुरू होण्यापूर्वीच सूत्रधाराला आणि सोबत्यांना आपला बेत सांगावा. सूत्रधाराने नुसत्या चकमकीच योजल्या असतील, तर साधक कोपऱ्यात बसून राहील, आणि त्याच्या वाटची लढाई बाकीच्यांच्या गळ्यात पडेल. दुसरे, सोबत्यांना उपदेशाचे डोस पाजू नयेत. सैनिकाचे पात्र घेणाऱ्याने बंदूक उचलली, की दर वेळी अहिंसेवर प्रवचन झोडणारा साधक कोणालाच नको असतो. तिसरे, गूढ म्हणजे मुके नव्हे. डोळे मिटून 'मला काहीतरी जाणवते आहे' एवढेच म्हणून भागत नाही. काय जाणवते, आणि त्यावरून आता काय करावे, हे स्पष्ट सांगावे. गूढपणा पात्राच्या स्वभावात असावा, खेळणाऱ्याच्या बोलण्यात नसावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे एक सांगणे आहे. हा खेळ विकत आणलाच पाहिजे असे नाही. एक फासा, एक कल्पित प्रसंग आणि पाच मुले एवढ्यावर वर्गात असा खेळ मांडता येईल. पूर आला आहे, पलीकडच्या वस्तीत माणसे अडकली आहेत. आता कोण काय करील? एकाला नाव हाकू द्या, एकाला दोर टाकू द्या. आणि घाबरलेल्या म्हातारीची समजूत घालून तिला नावेत बसवण्याचे काम त्या शेवटी उरणाऱ्या पोराला द्या. मात्र सूत्रधार या नात्याने एक काळजी घ्या. म्हातारी नावेत बसल्याशिवाय नाव सुटणार नाही, असाच प्रसंग रचा. त्याचे काम दयेपोटी दिलेले नसावे. त्याच्यावाचून सर्वांचेच अडले पाहिजे. मग त्याच्या फाशाकडे साऱ्या वर्गाचे डोळे लागतील, आणि पुढच्या खेपेला गडी वाटताना कोणीतरी त्याला आधी हाक मारील.