वर्गणी आणि विश्वास

(सोलापूर येथील व्याख्यानातून)



ज्याच्यावर पुरता विश्वास नाही, त्या पुढाऱ्याला निवडणुकीसाठी पैसे का द्यावेत? प्रश्न रास्त आहे. परंतु आपण हात आखडला म्हणून खर्च थांबत नाही. तो कोणी कंत्राटदार उचलतो आणि निवडून आलेला त्याचा मिंधा होतो.

2009 साली हातकणंगले मतदारसंघात राजू शेट्टी यांनी ‘एक नोट, एक मत’ मागितले. शेतकऱ्यांनी दोन्ही दिले. 2014 साली पुन्हा निवडून दिले. 2019 साली मात्र त्याच मतदारसंघाने त्यांना नाकारले. वर्गणी दिली म्हणून मतदार बांधला गेला नाही!

15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, ते मतदाराच्या माहितीच्या अधिकारासाठीच.

गणेशोत्सवाच्या वर्गणीची आपण पावती घेतो, जमाखर्च विचारतो. तोच नियम येथे लावावा. चारित्र्याविषयी शंका असेल, तर एक रुपयाही देऊ नये. विश्वास अपुरा असेल, तर थोडे द्यावे, धनादेशाने द्यावे आणि पाच वर्षे हिशेब मागावा. जाब विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. मात्र एकदा पाकीट घेतले, की मान आपोआप खाली जाते.